'नौकानयन' कोणतं? वल्ह्याचं की शिडाचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोच्या आशियाई खेळांत वल्हवण्याच्या शर्यतींत भारताला पाच पदकं मिळाली, दोन रौप्य आणि तीन कांस्य. ही २४ आणि २५ तारखेची गोष्ट. २६ तारखेला नेहा ठाकूरला रौप्य आणि इबाद अलीला कांस्य मिळालं, २७ ला विष्णु सरवणनला कांस्य. या तिघांचा खेळ अगदी निराळा, शिडाचा, त्यात वल्हं हातात धरायचंच नसतं. पण त्या चार दिवसांत जी जी मराठी वर्तमानपत्रं माझ्या हाती आली, त्यांत आठही पदकांवर एकच शब्द होता, 'नौकानयन'. एका ठिकाणी तर नेहाच्या बातमीशेजारी आठ वल्हेकऱ्यांच्या लांबलचक होडीचा फोटो छापला होता. नात्यातल्या एका मुलीचा मला फोन आला, "काका, हिच्या हातात वल्हं कसं दिसत नाही?" तिला समजावून सांगायला मला पाऊण तास लागला. तो पाऊण तास वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण हे काम वर्तमानपत्राचं होतं, म्हणून हे पत्र.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगतो. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीला झाले. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबई बंदरात घेतल्या गेल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पोहता येत होतं आणि इशाऱ्याचे झेंडे ओळखता येत होते, एवढ्या भांडवलावर मला एका लाँचवर मदतनीस म्हणून घेतलं. त्यानंतर बावीस वर्षं मी जमेल तेव्हा शर्यतींच्या बोटींवर काम केलं. शर्यतीचा मार्ग दाखवणारे तरंगते बोये टाकले, वाऱ्याची दिशा मोजली, उलटलेल्या होड्यांजवळ थांबून राहिलो. स्वतः कधी पदकाच्या जवळपासही गेलो नाही. पण शर्यत आतून कशी चालते हे मी जवळून पाहिलं आहे.

१९८२ मध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल वर्गात सुवर्णपदक जिंकलं. वर्ग म्हणजे होडीचा प्रकार. त्या होडीचं नाक चपटं असतं, आणि जोडीतला एक जण डोलकाठीच्या तारेला कमरेनं अडकवून घेऊन होडीच्या काठावर पाय रोवून पूर्ण बाहेर आडवा झालेला असतो. शिडातल्या वाऱ्याचा जोर वाढला की तो आणखी लांबतो, वारा पडला की क्षणात आत येतो. सुकाणू धरणारा आणि तारेवरचा यांच्यात बोलणं जवळपास नसतंच. लांबून पाहिलं तर दोघांचं एकच शरीर वाटतं. एंटरप्राइज वर्गात पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोंनी सुवर्ण घेतलं, आपल्या उनवाला जोडीला रौप्य मिळालं. एंटरप्राइजची शिडं निळी असतात. ती निळी शिडं बोयाभोवती एकामागून एक वळताना मी पाहिली, ती आजही डोळ्यांसमोर आहेत. तारापोर त्यानंतरही खेळत राहिले. २०१० मध्ये ग्वांगझोला मॅच रेसिंगचं, म्हणजे दोनच होड्यांच्या आमनेसामने शर्यतींचं रौप्य मिळवणाऱ्या भारतीय चमूत ते होते. दोन पदकांमध्ये अठ्ठावीस वर्षं! मधल्या काळात होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग या जोडीला याच खेळासाठी खेलरत्न मिळालं. यातली किती नावं आपल्या वाचकांना ओळखीची वाटतील, हा प्रश्न मला खरंच छळतो.

आता मूळ मुद्दा. वल्हवण्याची शर्यत शांत पाण्यात होते. प्रत्येक होडीला आपली मार्गिका असते, अंतर २००० मीटर, आणि अंतिम फेरीत जो आधी पोचला तो जिंकला. वल्हेकऱ्याची पाठ अंतिम रेषेकडे असते. शिडाच्या शर्यतीत यातलं काहीच नाही. उघडा समुद्र, मार्गिका नाहीत, पाण्यात नांगरलेले दोन-तीन बोये आणि वारा. होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला साधारण पंचेचाळीस अंशांत डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी चढत जावं लागतं. कोणी डाव्या बाजूनं जातं, कोणी उजव्या. वारा दहा अंश फिरला की मागचा पुढे आणि पुढचा मागे. शिडावर लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. ते दोन्ही बाजूंनी सरळ मागे वाहत असले तर शीड बरोबर भरलंय, एका बाजूचा धागा फडफडायला लागला की काहीतरी चुकतंय. चांगला सेलर तास तासभर त्या धाग्यांवर, पुढच्या पाण्यावरच्या काळ्या सुरकुत्यांवर आणि शेजारच्या होडीवर नजर ठेवून असतो. त्याच वेळी पाय पट्ट्यात अडकवून अंग काठाबाहेर झोकून दिलेलं असतं. शर्यत संपल्यावर मांड्या इतक्या भरून येतात की किनाऱ्यावर उतरताना कित्येकांना आधार द्यावा लागतो. मी दिला आहे.

आणि यातली कुठलीही शर्यत एकटी नसते. आठवडाभरात दहा-अकरा शर्यती होतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, म्हणजे गुण जितके कमी तितकं चांगलं. सगळ्यांत वाईट निकाल वजा करायचा आणि उरलेल्यांची बेरीज. हे एकदा कळलं की नेहाच्या रौप्याचा अर्थ उलगडतो. आयएलसीए-४ या एकटीनं चालवायच्या होडीच्या वर्गात तिच्या अकरा शर्यती झाल्या, एकूण गुण ३२. सर्वांत वाईट निकाल पाचवा क्रमांक, तो वजा करून २७. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी अकरा वेळा समुद्रात उतरली आणि एकदाही पाचव्याच्या खाली गेली नाही. तिचा सराव भोपाळच्या मोठ्या तलावात झाला. तिथून येऊन चीनच्या समुद्रातल्या भरती-ओहोटीत असं सातत्य ठेवणं ही मला त्या स्पर्धेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते, पदकापेक्षाही मोठी. आमच्याकडे बातमी काय आली? 'नौकानयनात नेहाला रौप्य', आणि खाली तीन ओळी.

विष्णु सरवणनचं तर आणखी जिवाला लागतं. आयएलसीए-७ वर्गात सिंगापूरच्या रायन लोचे २६ गुण, कोरियाच्या हा जी-मिनचे ३३, विष्णुचे ३४. एका गुणानं रौप्य हुकलं. एक गुण म्हणजे सबंध आठवड्यात कुठल्या तरी एका शर्यतीत, कुठल्या तरी एका बोयापाशी, एका होडीनं पुढे काढणं. कदाचित चार सेकंदांचा फरक. रोजचा तक्ता छापला असता तर २७ तारखेला वाचकांनी श्वास रोखून तो शेवटचा दिवस वाचला असता. क्रिकेटच्या गुणतक्त्यात निव्वळ धावगतीचे तीन-तीन दशांश आपण छापतो आणि आपले वाचक ते आवडीनं वाचतात. मग हे त्यांना कळणार नाही असं आपण का धरून चालतो?

त्या स्पर्धा हांगझोत झाल्याच नाहीत, हेही फार थोड्या जणांना ठाऊक असेल. निंगबोच्या शिआंगशान किनाऱ्यावर त्या झाल्या, आणि २१ तारखेला सुरू झाल्या. उद्‌घाटन सोहळा २३ ला होता. म्हणजे स्टेडियममध्ये संचलन चाललं होतं तेव्हा आपल्या सेलरांच्या कित्येक शर्यती होऊनही गेल्या होत्या. शिडाच्या शर्यतींचं हे नेहमीचंच दुखणं आहे. मोठ्या खेळांच्या गावापासून त्या लांब पडतात. पॅरिसच्या वेळी मार्सेयला, टोकियोच्या वेळी एनोशिमाला, लंडनच्या वेळी वेमथला, १९७२ च्या म्युनिकच्या वेळी कीलला. त्या कीललाच सोली कॉन्ट्रॅक्टर आणि बासित ही जोडी भारतातर्फे ऑलिम्पिकच्या शिडाच्या शर्यतीत उतरली होती. वार्ताहर मुख्य गावात असतो, समुद्राकडे कोणी फिरकत नाही. अडचण मला कळते. म्हणून वार्ताहर पाठवा असं मी म्हणतच नाही. निकाल रोज संध्याकाळी जाहीर होतात, तेवढे छापा.

वारा पडला तर काय होतं, हेही वाचकांना एकदा समजावून सांगायला हवं. २०२४ मध्ये मार्सेयला ४९ईआर या दोघांच्या होडीच्या वर्गाची पदक शर्यत, म्हणजे आघाडीच्या होड्यांची शेवटची शर्यत, वारा मेल्यामुळे अर्ध्यावर रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी घ्यावी लागली. मग स्पेनच्या दिएगो बोतिन आणि फ्लोरिआन त्रित्तेल यांनी सुवर्ण जिंकलं. आपल्याकडे एकानं मला विचारलं, "हा काय खेळ झाला, वारा नाही म्हणून रद्द?" त्याला मी माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो.

एका स्पर्धेत वरच्या, म्हणजे वारा येतो त्या बाजूच्या बोयाची जबाबदारी माझ्यावर होती. सकाळी मतलई वारा मंद होता, पाणी स्थिर. मी बोया टाकला, नांगराची दोरी नेहमीइतकीच सोडली. पाण्याची ओढ बघायला आम्ही अर्धी भरलेली बाटली पाण्यात सोडून घड्याळ लावायचो, ती मिनिटाला किती सरकते ते मोजायचो. त्या दिवशी मी ते एकदाच केलं आणि विसरलो. शर्यत सुरू झाली तोवर ओहोटीनं जोर धरला होता. पहिला मुलगा बोयाकडे येत होता, मागच्यापेक्षा चांगला पन्नास मीटर पुढे. आणि माझ्या लक्षात आलं की बोया चालतोय. नांगर तळातल्या चिखलातून घासत निघाला होता. मी दोरी सोडली, तरी धरेना. समितीच्या बोटीला कळवलं. दोनच मिनिटांत निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा चढला, तीन भोंगे वाजले. शर्यत रद्द. तो मुलगा माझ्या बोटीच्या अगदी जवळून गेला. काही बोलला नाही. सुकाणू सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला, शीड मोकळं फडफडत होतं. शर्यत परत घेतली तेव्हा वारा खारा झाला होता, दिशा पार बदललेली. तो सातवा आला.

रद्द करणं नियमानं बरोबरच होतं. सरकत्या बोयावर कोणाची बरोबरी होणार? पण त्या दिवसानंतर दर दहा मिनिटांनी बाटली टाकल्याशिवाय मी राहिलो नाही. रद्द झालेल्या शर्यतीत कोणाचं तरी काहीतरी जातं, आणि ते निकालपत्रात कुठेही दिसत नाही. वर्तमानपत्रात दिसू शकतं.

अशीच दुसरी गोष्ट निषेध अर्जांची. या खेळात पाण्यावर पंच फार थोडे असतात, आणि बऱ्याच शर्यतींत खेळाडूनंच दुसऱ्याची चूक दाखवायची असते. उजव्या अंगानं वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची हा पहिला नियम. ओरडतात 'स्टारबोर्ड!' वाट दिली नाही तर समोरचा 'प्रोटेस्ट' म्हणून ओरडतो आणि होडी मोठी असेल तर लाल झेंडाही लावतो. चूक कबूल असेल तर होडीनं तिथेच स्वतःभोवती दोन पूर्ण चकरा मारायच्या, त्यात पाच-सात जागा सहज जातात. पण प्रकरण तेवढ्यावर मिटतं. कोणी बघत नसताना चकरा मारणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याबद्दल मला या खेळाचा फार आदर वाटतो. कबूल नसेल तर संध्याकाळी सुनावणी. टेबलावर खेळण्यातल्या एवढ्या होड्या ठेवून कोण कुठे होतं ते मांडतात, साक्षीदार बोलावतात. बाद झालेल्या होडीला स्पर्धेत नाव नोंदवलेल्या होड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त गुण. तेव्हा दुपारचा निकाल आणि रात्रीचा निकाल वेगळा असू शकतो.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी चिंगदाओला डेन्मार्कच्या योनास वारेर आणि मार्टिन इब्सेन यांची डोलकाठी पदक शर्यतीआधी मोडली. त्यांनी क्रोएशियाच्या जोडीची होडी मागून घेतली, उशिरा सुरुवात केली, आणि तरी एकूण गुणांत सुवर्ण मिळवलं. त्यावर हरकती आल्या. पदक पाण्यावर मिळालं, पण ते पक्कं व्हायला दिवस गेले. आपल्याला रात्रीच्या आवृत्तीची घाई असते, हे मी समजू शकतो. अशा वेळी 'तात्पुरता निकाल' हे दोन शब्द टाकले तरी पुरे.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकची गोष्टही सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण मदतीच्या बोटीवर बसलेल्या माणसाला ती विसरताच येत नाही. शर्यती पुसानला होत्या. वारा वादळी झाला होता. कॅनडाचा लॉरेन्स लेमियू फिन वर्गात दुसऱ्या क्रमांकावर होता. शेजारच्या शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटलेली आणि तिचे दोघे खेळाडू पाण्यात असलेले त्याला दिसले. त्यानं शर्यत सोडली, त्यांच्याकडे गेला, दोघांना आपल्या होडीवर घेतलं, बचाव बोट येईपर्यंत थांबला, मग पुन्हा शर्यतीला लागला. तोवर तो फार मागे पडला होता. समितीनं त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला, आणि ऑलिम्पिक समितीनं खिलाडूवृत्तीसाठीचं कुबेर्तँ पदक दिलं. फिन ही एकट्यानं चालवायची होडी. तसल्या वाऱ्यात ती थांबवून, पाण्यातल्या माणसाला वर घेताना ती उलटू न देणं किती अवघड आहे, हे सांगायला माझे शब्द अपुरे आहेत. मी मोटारबोटीतूनही एकाला वर ओढताना दोनदा पाण्यात गेलो आहे.

आता मागण्या. एक, शब्द वेगळे करा. वल्ह्याच्या खेळाला 'रोइंग' किंवा 'वल्हवणे' म्हणा, शिडाच्या खेळाला 'सेलिंग' किंवा 'शिडाच्या होड्यांची शर्यत'. माझ्या मते 'शिडाची शर्यत' हा शब्द सगळ्यांत चांगला, छोटा आणि मराठी. 'नौकानयन' दोघांनाही लावायचं बंद करा. दुसरी मागणी तक्त्याची, ती मी वर केलीच आहे. तिसरी जरा वेगळी. आपल्या खेळाडूनं पदक मिळवलं नाही तरी त्याचा क्रमांक छापा. पॅरिसला विष्णु अठरावा आला, नेत्रा कुमानन एकविसावी. नेत्रा ही शिडाच्या शर्यतीत ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला. हे क्रमांक मला एका इंग्रजी वर्तमानपत्रात मिळाले.

इबाद अलीबद्दलही एक नोंद हवी. त्याला कांस्य मिळालं ते आरएस:एक्स या शिडाच्या फळीच्या वर्गात. ऑलिम्पिकमधून तो वर्ग टोकियोनंतर काढला गेला, त्याच्या जागी पाण्यावर उचलली जाणारी आयक्यूफॉइल फळी आली. म्हणजे ज्या होडीवर किंवा फळीवर माणूस दहा वर्षं घासतो, ती एका निर्णयानं बाजूला पडते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. १९८२ मध्ये मी जे वर्ग पाहिले, ते आता या खेळांत राहिलेले नाहीत. हे वाचकांना सांगितलं तर खेळाडूला चार वर्षं कुठे होता असं कोणी विचारणार नाही.

२०२६ चे आशियाई खेळ जपानमध्ये आयची-नागोयाला १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात आहेत. या पत्रासोबत मी एक कोरा तक्ता आखून पाठवत आहे. डावीकडे खेळाडूचं नाव आणि देश, मग अकरा घरं, शेवटी एकूण, वजा आणि निव्वळ. रुंदी आपल्या दोन स्तंभांत बसेल अशी मोजून घेतली आहे. रद्द झालेल्या शर्यतीसाठी घरात आडवी रेघ, बाद झालेल्यासाठी 'बा', आणि निकाल सुनावणीत अडकला असेल तर फुली. आपल्या क्रीडा विभागाला वेळ नसेल तर रोज संध्याकाळी हा तक्ता भरून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
शर्यतीच्या बोटींवर बावीस वर्षं काढलेला एक जुना वाचक